विसराळू संवादातील ओळखीची खूण : पीएचपी पृष्ठांवरील लॉगिन, सेशन व रिडायरेक्ट यांतील दोषांची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी हस्तलिखिते केवळ महाराष्ट्रात नाहीत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आणि मोडी कागदपत्रे आहेत; बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद या नगरांतही मराठी लेखनाची दीर्घ परंपरा आहे. अशा विखुरलेल्या सामग्रीची एकत्र सूची करावयाची, तर निरनिराळ्या ठिकाणी बसलेल्या अभ्यासकांना एकाच संकेतस्थळावर नोंदी करता आल्या पाहिजेत, आणि त्या नोंदी करण्याचा अधिकार कोणाला आहे हे त्या संकेतस्थळास ओळखता आले पाहिजे. या ओळखीच्या व्यवहारास लॉगिन असे म्हणतात.

अशा एखाद्या सूचीची कल्पना करावी. अभ्यासक आपले नाव आणि परवलीचा शब्द लिहितो, ‘प्रवेश’ या बटणावर टिचकी मारतो, पडदा क्षणभर हलतो आणि तोच रिकामा अर्ज पुन्हा समोर येतो. चूक झाल्याचा निरोप नाही, नकार नाही, स्पष्टीकरण नाही. अभ्यासक शब्द पुन्हा लिहितो. अखेर तो शब्दच बदलून घेतो. परिणाम तोच. येथे सर्वांचा संशय परवलीच्या शब्दावर जातो. परंतु वरील वर्णनातच त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा आहे. शब्द चुकला असता, तर नकाराचा निरोप आला असता. येथे दाराने पाहुण्यास ओळखले आणि पुढच्याच क्षणी ते त्याला विसरले.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की, पीएचपी या संगणकभाषेत रचलेल्या पृष्ठांवरील लॉगिनचे बहुतेक दोष हे ओळख पटण्याचे नसून ओळख टिकण्याचे असतात. आणि ती ओळख कोणत्या टप्प्यावर नाहीशी झाली हे संवादाच्या क्रमवार वाचनाने निश्चित करता येते. हे वाचन पाठचिकित्सेच्या शिस्तीशी जवळचे आहे. त्यामुळे साहित्याच्या अभ्यासकास ते परके वाटण्याचे कारण नाही.

हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालत नाही, याला व्यावहारिक कारण आहे. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसृत केलेल्या साधनांतून वाढलेली पीएचपी ही भाषा विद्याक्षेत्रात सर्वदूर पोचली आहे. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, संशोधनपत्रिकांसाठी वापरले जाणारे ओपन जर्नल सिस्टिम्स, संग्रहांच्या प्रदर्शनासाठीचे ओमेका ही सर्व पीएचपीतील रचना आहेत. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्याच पायावर उभा आहे. लहान विभागांची संकेतस्थळे अनेकदा एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीत तयार होतात; मुदत संपते, तंत्रज्ञ जातो आणि जबाबदारी अभ्यासकाकडे राहते.

२. विसराळू संवाद आणि बिल्ला

ब्राउझर व सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांस एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत आखलेल्या या संवादपद्धतीचा मूळ स्वभाव विसराळू आहे. ब्राउझरने मागणी करावी, सर्व्हरने उत्तर द्यावे, आणि तेथे तो प्रसंग संपावा. पुढची मागणी आली की ती जणू प्रथमच भेटणाऱ्या व्यक्तीची असते. दस्तऐवज वाचण्यापुरता हा स्वभाव सोयीचा होता. ‘हाच तो मघाचा अभ्यासक’ असे ओळखावयाचे झाल्यावर मात्र तो अपुरा ठरला.

या उणिवेवर नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये ‘कुकी’ हा उपाय योजला. सर्व्हरने उत्तरासोबत एक लहानशी खूण द्यावी, आणि ब्राउझरने त्याच सर्व्हरकडे जाताना ती दर वेळी परत दाखवावी, एवढाच तो करार होय. ग्रंथालयाच्या दाराशी पिशवी ठेवल्यावर हाती जो क्रमांकाचा बिल्ला मिळतो, त्याच्याशी या खुणेची तुलना करता येईल. बिल्ल्यात पिशवीतील वस्तू नसतात. त्यावर केवळ क्रमांक असतो.

पीएचपीतील सेशन हे अशा पिशवीसारखे आहे. ‘सेशन_स्टार्ट’ ही आज्ञा मिळताच पीएचपी एक दीर्घ, अंदाज करता न येणारा क्रमांक निर्माण करते, त्या क्रमांकाच्या नावाची एक फाइल सर्व्हरवर ठेवते आणि तो क्रमांक कुकीच्या रूपाने ब्राउझरकडे पाठविते. ‘हा अमुक सदस्य आहे’ ही माहिती फाइलमध्ये राहते; ब्राउझरकडे असतो तो केवळ बिल्ला. पुढील प्रत्येक पृष्ठाने आरंभी पुन्हा ‘सेशन_स्टार्ट’ म्हटले पाहिजे. त्याचा अर्थ ‘नवी पिशवी ठेवा’ असा नसून ‘बिल्ला असेल तर त्याची पिशवी काढा, नसेल तर नवी ठेवा’ असा आहे. हा दुहेरी अर्थच अनेक दोषांचे मूळ आहे. कारण बिल्ला हरवला तरी पीएचपी तक्रार करीत नाही, मुकाट्याने नवी रिकामी पिशवी पुढे करते.

म्हणून ओळख टिकण्यासाठी चार गोष्टी ओळीने घडाव्या लागतात : सर्व्हरने बिल्ला देणे, ब्राउझरने तो जपणे, पुढच्या मागणीत तो परत दाखविणे, आणि सर्व्हरकडे त्या क्रमांकाची पिशवी शिल्लक असणे. यांपैकी एक जरी चुकली तरी पडद्यावर दिसणारा परिणाम एकच असतो. लक्षण एक आणि कारणे अनेक अशी ही स्थिती आहे.

३. रिडायरेक्ट : उत्तराऐवजी पत्ता

लॉगिनच्या अर्जाला यश आल्यावर सर्व्हर सहसा थेट पृष्ठ देत नाही. तो केवळ ‘अमुक पत्त्यावर जा’ असे सांगतो. हा रिडायरेक्ट होय. उत्तराच्या आरंभी ३०२ किंवा ३०३ हा संकेतांक आणि ‘लोकेशन’ या नावाखाली नवा पत्ता लिहिलेला असतो. तेथे जाण्याचे काम सर्व्हर करीत नाही. ब्राउझर स्वतः दुसरी, स्वतंत्र मागणी करतो. ही प्रथा सकारण आहे. अर्जाच्या उत्तरातच पृष्ठ दिले, तर वाचकाने ते पृष्ठ पुन्हा उघडताच अर्ज दुसऱ्यांदा पाठविला जाण्याचा धोका असतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने लॉगिन ही एक कृती असली, तरी तंत्रदृष्ट्या ते किमान दोन स्वतंत्र संवाद असतात. पहिल्यात ओळख पटते. दुसऱ्यात ती सिद्ध करून दाखवावी लागते. मघाच्या उदाहरणात पडदा ‘क्षणभर हलला’ तो याच दोन संवादांमुळे, किंबहुना तिसऱ्यामुळेही : आतल्या पृष्ठाला बिल्ला दिसला नाही, म्हणून त्याने अभ्यासकास पुन्हा लॉगिनच्या अर्जाकडे धाडले.

४. पहिली पारख : नकार की विस्मरण

दोषाचा शोध घेताना प्रथम दारानेच नाकारले की दार विसरले, हे ठरवावे. चुकीचा परवलीचा शब्द मुद्दाम लिहून पाहणे ही त्याची सोपी कसोटी आहे. चुकीच्या शब्दाला नकाराचा निरोप येत असेल आणि योग्य शब्दाला निरोपाविना रिकामा अर्ज येत असेल, तर ओळख पटते आहे. दोष पुढे आहे.

दोन्ही वेळा नकारच येत असेल, तर मात्र नाव किंवा शब्द जुळत नाही असे समजावे. देवनागरीत नावे घेणाऱ्या संकेतस्थळांवर येथे एक खास मराठी अडचण संभवते. ‘वऱ्हाडे’ हे नाव घ्यावे. त्यातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये किमान तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त, ‘र’, नुक्ता व हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. तिन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसतात; यंत्राच्या दृष्टीने ती तीन निराळी नावे आहेत. घरच्या संगणकावर एका कळफलकाने नोंदविलेले नाव विभागातील दुसऱ्या कळफलकाने लिहिले की अक्षरशः तुलना करणारी आज्ञावली ते नाकारते. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे होत नाही. म्हणून त्याची सोय स्वतंत्रपणे करावी लागते, अथवा सदस्यनामासाठी ईमेलचा पत्ता वापरावा लागतो.

५. हेडर आधी, मजकूर नंतर

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराचे दोन भाग असतात. आरंभीचा शीर्षभाग म्हणजे हेडर. संकेतांक, कुकी, रिडायरेक्टचा पत्ता हे सर्व त्यात असते. त्यानंतर पृष्ठाचा मजकूर येतो. क्रम अनुल्लंघनीय आहे. मजकुराचे पहिले अक्षर रवाना झाले की हेडर बंद झाला. नंतर ना बिल्ला देता येतो, ना पत्ता. लिफाफा पेटीत टाकल्यावर त्यावरचा पत्ता बदलता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

हा क्रम मोडला की पीएचपी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी सूचना देते. ही सूचना बारकाईने वाचण्याजोगी आहे, कारण तिच्यात दोन ठिकाणांचा उल्लेख असतो. कंसात ‘आउटपुट स्टार्टेड ॲट’ या शब्दांनंतर येणारी फाइल व ओळ म्हणजे जेथून मजकूर अकाली निसटला ती जागा. सूचनेच्या शेवटी येणारी फाइल व ओळ म्हणजे जेथे त्याची बाधा जाणवली ती जागा. नवखा वाचक शेवटची ओळ दुरुस्त करीत बसतो आणि तेथे दोष नसल्याने हताश होतो. दोष कंसात असतो.

अकाली निसटलेला हा मजकूर बहुधा नगण्य दिसतो : पीएचपीच्या आरंभखुणेपूर्वीची एक रिकामी ओळ, किंवा जोडलेल्या एखाद्या फाइलच्या समाप्तिखुणेनंतर राहिलेल्या रिकाम्या ओळी. म्हणून ज्या फाइलमध्ये केवळ पीएचपी आहे तिच्यात समाप्तिखूण लिहूच नये, अशी प्रथा पडली आहे.

भारतीय भाषांच्या संकेतस्थळांना मात्र याहून सूक्ष्म असा एक दोष दीर्घकाळ छळत आला. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टच्या आधारे, इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरून साठविला जाई. पुढे युनिकोड रूढ झाले आणि फाइली यूटीएफ-८ या रूपात जतन करणे आवश्यक ठरले. विंडोजवरील नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला, की फाइलच्या अगदी आरंभी तीन बाइटांचे एक अदृश्य चिन्ह आपोआप लिहिले जाई. त्यास बाइट-क्रमदर्शक चिन्ह म्हणतात. यूटीएफ-८ला त्याची गरज नाही, आणि युनिकोडचे प्रमाणही त्याची शिफारस करीत नाही. परंतु पीएचपीच्या दृष्टीने आरंभखुणेच्या आधी आलेले काहीही मजकूरच होय. परिणामी ती तीन बाइटे ब्राउझरकडे रवाना होत, हेडर बंद होई आणि बिल्ला हाती दिलाच जात नसे.

या दोषाचा विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. केवळ इंग्रजी मजकूर असलेले पृष्ठ साध्या रूपात जतन होई आणि नीट चाले. त्यात एक मराठी शब्द घालून ते यूटीएफ-८मध्ये जतन केले की लॉगिन बंद पडे. ‘मराठी घातले की संकेतस्थळ बिघडते’ असा ग्रह त्यातून सहज होऊ शकतो. वास्तविक दोष भाषेचा नव्हता. संपादकाने न सांगता लिहिलेल्या तीन बाइटांचा होता. २०१९ मधील विंडोज १०च्या आवृत्तीपासून नोटपॅड हे चिन्ह आपणहून लिहीत नाही. परंतु जुन्या फाइलींत ते अद्याप दडलेले असू शकते. सूचनेच्या कंसात एखाद्या फाइलची ओळ ‘१’ असा उल्लेख असून त्या ओळीवर काहीच दिसत नसेल, तर प्रथम याच चिन्हाचा संशय घ्यावा आणि फाइल त्या चिन्हाविना पुन्हा जतन करावी.

येथे आणखी एक भ्रम टाळावयास हवा. पीएचपीत ‘आउटपुट बफरिंग’ नावाची सोय आहे. ती चालू असेल, तर मजकूर काही काळ अडवून धरला जातो आणि क्रम मोडूनही हेडर वेळेवर पोचतो. त्यामुळे विकसकाच्या संगणकावर निर्वेध चालणारे पृष्ठ ती सोय बंद असलेल्या सर्व्हरवर एकाएकी अडते. ‘आमच्याकडे तर चालते’ हे उद्गार म्हणूनच दोष नसल्याचा पुरावा ठरत नाहीत.

शिवाय, प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर सूचना पडद्यावर दाखविणे बहुधा बंद ठेवलेले असते, आणि ते योग्यच आहे. सूचना नाही म्हणजे दोष नाही असे मात्र नव्हे. ती त्रुटिनोंदीच्या फाइलमध्ये पाहावी.

६. बिल्ला दिला, तरी हरवतो कोठे

हेडरचा क्रम निर्दोष असूनही ओळख टिकत नसेल, तर उरलेल्या तीन टप्प्यांकडे वळावे.

पहिले ठिकाण पत्त्याचे. कुकी ज्या नावाच्या सर्व्हरने दिली त्यालाच ती परत जाते. आरंभी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला पत्ता आणि ते नसलेला पत्ता माणसाला एकच वाटतात. ब्राउझरच्या लेखी ते दोन असतात. पहिल्यावर लॉगिन होऊन रिडायरेक्ट दुसऱ्याकडे गेला, की बिल्ला मागेच राहतो. तीच गोष्ट सुरक्षित जोडणीची. ‘केवळ एचटीटीपीएसवर दाखवावी’ अशी अट घातलेली कुकी साध्या एचटीटीपी पत्त्यावर जातच नाही. सर्व रिडायरेक्ट एकाच निश्चित पत्त्याकडे नेणे हाच यावरचा उपाय होय.

दुसरे ठिकाण ब्राउझरच्या धोरणाचे. परस्थळावरून येणाऱ्या मागणीसोबत कुकी पाठवावी की नाही हे ‘सेमसाइट’ या गुणधर्माने ठरते. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोमच्या ८०व्या आवृत्तीपासून, हा गुणधर्म न लिहिलेल्या कुकीस ‘लॅक्स’ मानण्याचे धोरण आले. ज्या संकेतस्थळांवर ओळख अन्य संस्थेच्या सेवेकडून पटविली जाते आणि तिचे उत्तर अर्जाच्या रूपाने परत येते, तेथे त्या परतीच्या मागणीसोबत जुना बिल्ला न पोचण्याचा संभव असतो. आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल न होता काल चालणारे आज बंद पडण्याचे हे एक कारण आहे. पीएचपीत हा गुणधर्म लिहिण्याची अंगभूत सोय २०१८ मधील ७.३ या आवृत्तीत आली.

तिसरे ठिकाण पिशव्यांच्या कोठीचे. सेशनच्या फाइली ज्या कप्प्यात ठेवावयाच्या तेथे पीएचपीला लिहिण्याची मुभा नसेल, किंवा डिस्क भरलेली असेल, तर बिल्ला मिळतो पण पिशवी ठेवली जात नाही. तो कप्पा उघडून पाहणे उद्बोधक असते. प्रत्येक टिचकीसरशी नवी फाइल निर्माण होत असेल, तर बिल्ला परत येत नाही. एकच फाइल असून ती रिकामी असेल, तर बिल्ला येतो आहे. आत काही लिहिले जात नाही. एका संकेतस्थळामागे दोन सर्व्हर असतील आणि प्रत्येकाची कोठी वेगळी असेल, तर ओळख कधी टिकते, कधी नाही.

चौथे ठिकाण काळाचे. न वापरलेली पिशवी पीएचपी मूळ मांडणीत १४४० सेकंदांनंतर, म्हणजे २४ मिनिटांनंतर, टाकाऊ समजते. सफाई मात्र दर वेळी होत नाही. मूळ मांडणीत ती शंभरात एकदा घडेल अशा योगायोगाने होते. त्यामुळे कमी वर्दळीच्या संकेतस्थळावर पिशवी दीर्घकाळ राहते आणि वर्दळ वाढताच नाहीशी होऊ लागते. अनेक संकेतस्थळांची एकच कोठी असेल, तर सर्वांत अल्प मुदत लावणारा शेजारी इतरांच्याही पिशव्या झाडून टाकतो.

अभ्यासकाला या दोषाची झळ सर्वाधिक लागते. एखाद्या पोथीचे वर्णन काळजीपूर्वक लिहावयाचे तर चाळीस मिनिटे सहज जातात. तो ‘जतन करा’ म्हणतो, तोवर पिशवी गेलेली असते. सर्व्हर त्याला लॉगिनच्या अर्जाकडे पाठवितो, आणि अर्जात लिहिलेले सर्व त्या रिडायरेक्टमध्ये नष्ट होते. येथे मुदत वाढविणे, कोठी वेगळी करणे आणि विशेषतः मसुदा अधूनमधून आपोआप जतन करणे, असे तिहेरी उपाय आवश्यक ठरतात.

पाचवे ठिकाण इतिहासाचे. २०००च्या दशकारंभी लिहिलेल्या अनेक आज्ञावली ‘रजिस्टर ग्लोबल्स’ या सोयीवर विसंबून होत्या. तीमुळे सेशनमधील मूल्य थेट साध्या नावाने वापरता येई. बाहेरून कोणीही तशी मूल्ये घुसडू शकतो हा धोका ओळखून २००२ मध्ये ४.२ या आवृत्तीत ती सोय मुळात बंद ठेवण्यात आली आणि २०१२ मध्ये ५.४ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. जुने संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलविले की असे नाव रिकामे सापडते, पृष्ठ पाहुण्यास अनोळखी समजते आणि दाराकडे परत धाडते. आज्ञावली बदललेली नसते. तिच्याभोवतीची भाषा बदललेली असते.

७. न संपणारे चक्र

कधी कधी अर्जही दिसत नाही. ब्राउझर सुमारे वीस रिडायरेक्ट सोसतो आणि ‘रिडायरेक्ट फार झाले’ असे सांगून थांबतो. याचे सर्वांत साधे कारण असे की, पहाऱ्याची आज्ञा सर्व पृष्ठांना जोडताना ती लॉगिनच्या पृष्ठालाही जोडली गेली. मग अनोळखी पाहुण्यास लॉगिनकडे पाठविले जाते, आणि लॉगिनचे पृष्ठही त्याला अनोळखी म्हणून लॉगिनकडेच पाठविते.

दुसरे कारण दोन मतांचे. सुरक्षित जोडणी पुढच्या मध्यस्थ सर्व्हरवर संपते आणि आत साधी जोडणी जाते, अशी रचना अनेक ठिकाणी असते. आतल्या पीएचपीला मागणी साधीच दिसते. ती ‘सुरक्षित पत्त्यावर जा’ म्हणते. ब्राउझर तेथूनच आलेला असतो. मूळ जोडणी सुरक्षित होती हे मध्यस्थाने हेडरमधून कळविणे, आणि पीएचपीने विश्वासू मध्यस्थाचेच म्हणणे मानणे, हा त्यावरील उपाय आहे.

दुरुस्तीनंतरही चक्र चालूच राहिले, तर संकेतांक पाहावा. ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढे सर्व्हरला न विचारताच जुन्या आज्ञेप्रमाणे वागू शकतो. दुरुस्त झालेला सर्व्हर तेव्हा निर्दोष असतो, आणि दोष ब्राउझरच्या स्मृतीत राहतो.

८. न दिसणारा दोष

आतापर्यंतचे दोष वापरणाऱ्यास अडवितात, म्हणून ते उघडकीस येतात. एक दोष मात्र कोणालाच अडवीत नाही. अनोळखी पाहुणा आला तर ‘लोकेशन’ हा हेडर पाठवा, एवढेच लिहून आज्ञावली पुढे जाते. हेडर पाठविल्याने पीएचपी थांबत नाही; ती पुढचे संरक्षित पृष्ठ पूर्ण रचते आणि त्याच उत्तरात रवाना करते. ब्राउझर पत्ता वाचून लगेच निघून जातो, म्हणून ते पृष्ठ पडद्यावर दिसत नाही. परंतु रिडायरेक्टचे पालन न करणारे कोणतेही साधन तो मजकूर आरामात वाचू शकते. पहारेकऱ्याने ‘तिकडे जा’ म्हणून बोट दाखवावे आणि त्याच वेळी दार सताड उघडे ठेवावे, तसा हा प्रकार होय. रिडायरेक्टच्या आज्ञेनंतर लगेच ‘एक्झिट’ लिहिणे हा त्याचा एका शब्दाचा उपाय आहे. सेशनमध्ये नुकतीच केलेली नोंद त्यामुळे बुडत नाही. आज्ञावली थांबताना ती जतन होते.

या एका शब्दाचे मोल तंत्रापुरते नाही. पोथ्या आणि पत्रव्यवहार अनेकदा खाजगी घराण्यांकडून मिळतात, आणि ‘केवळ नोंदणीकृत अभ्यासकांना’ अशी अट मान्य करूनच त्यांची छायाचित्रे घेतली जातात. ‘एक्झिट’ नसलेल्या संकेतस्थळावर ती अट पाळल्याचा देखावा होतो, पालन होत नाही. त्याचप्रमाणे ओळख पटताच बिल्ल्याचा क्रमांक ‘सेशन_रिजनरेट_आयडी’ या आज्ञेने बदलावा. अन्यथा कोणी आधीच माहीत असलेला क्रमांक दुसऱ्याच्या हाती देऊन त्याची ओळख आपल्यासाठी वापरू शकतो.

लॉगिन चालत नाही म्हणून वैतागून पहाऱ्याची आज्ञाच काढून टाकणे हा मोह येथेच ओळखून ठेवावा. ती दुरुस्ती नव्हे; तो विश्वासभंग होय.

९. वाचनाची पद्धती

पाठचिकित्सक दोन प्रतींत भेद आढळला की शेवटच्या ओळीपासून तर्क करीत नाही. दोन्ही प्रती समोर ठेवून जेथे त्या प्रथम वेगळ्या होतात ती जागा शोधतो. लॉगिनच्या दोषाची चिकित्साही अशीच करावी. ब्राउझरमधील विकसकांची साधने एफ-१२ या कळीने उघडतात. त्यांतील ‘नेटवर्क’ या भागात प्रत्येक मागणी आणि तिचे उत्तर हेडरसह वाचता येते. रिडायरेक्ट होताच आधीची नोंद पुसली जाते, म्हणून ती जपण्याचा पर्याय प्रथम निवडावा. अन्यथा जो संवाद वाचावयाचा तोच हरवतो.

नंतर एकाच लॉगिनचे संवाद क्रमाने वाचावे. अर्जाच्या उत्तरात ‘सेट-कुकी’ आहे काय? नसेल, आणि मागणीसोबतही आधीचा बिल्ला गेलेला नसेल, तर हेडरचा क्रम तपासावा. बिल्ला दिला गेला असेल, तर पुढच्या मागणीत तोच क्रमांक ‘कुकी’ या नावाखाली परत गेला काय? नसेल, तर पत्ता, सुरक्षित जोडणी आणि सेमसाइट तपासावे. परत गेला असूनही सर्व्हर नवा क्रमांक देत असेल किंवा अनोळखी मानत असेल, तर कोठी, मुदत आणि आज्ञावलीतील नावे तपासावी. तिन्ही प्रश्नांनी शोधाचे क्षेत्र उत्तरोत्तर आकुंचित होते. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक चाचणी ब्राउझरच्या खाजगी खिडकीत नव्याने करावी. जुनी कुकी किंवा लक्षात ठेवलेला रिडायरेक्ट हा क्षेपकासारखा असतो, तो मूळ पाठात मिसळून निष्कर्ष दूषित करतो.

वरील सर्व दोषांत एक साम्य आढळते. अदृश्य तीन बाइटे, पत्त्यातील तीन अक्षरे, ‘र’नंतरचा शून्य रुंदीचा जोडक, न लिहिलेला ‘एक्झिट’ : यांपैकी काहीही पृष्ठावर दिसत नाही. पृष्ठ हा संवादाचा केवळ शेवट असतो, आणि शेवटावरून केलेला तर्क परवलीच्या शब्दाला दोष देऊन थांबतो. त्या शेवटापूर्वी काय बोलले गेले आणि कोणत्या क्रमाने, हे वाचण्याची सवय ज्याला आहे, त्याला हे दार पुन्हा नीट लावता येते आणि नीट उघडताही येते.